वाळल्यावरचा रंग

अकोल्यात माझं रंगाईचं दुकान आहे. बायका साडी घेऊन येतात आणि तिच्या रंगाचा दुपट्टा, अस्तर, परकर रंगवून मागतात. मी बशीर, तिसऱ्या पिढीचा रंगारी. शाळा मराठी, घरची बोली अर्धी उर्दू अर्धी वऱ्हाडी, आणि तोंड पहिल्यापासून तिखट. गिऱ्हाइकानं 'थोडा फरक वाटतो' म्हटलं की मी साडी त्याच्या हातात परत देतो. रंगाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. ही फुशारकी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं.

खरं तर नजर माझ्यापेक्षा माझ्या बायकोची पक्की. गिऱ्हाईक 'कैरी कलर' म्हणालं की गजाला आतून विचारायची, कोवळी कैरी का पाडाला आलेली? दुकानातलं शेड कार्डही तिनंच केलेलं. पुठ्ठ्यावर चौऱ्याऐंशी चिंध्या चिकटवलेल्या, प्रत्येकीखाली नंबर. एक नंबर पांढरा, चौऱ्याऐंशी काळा.

दोन हजार सहा साली तिचं बिनसलं. आधी दहा दिवस ती झोपलीच नाही. सारखी हसायची, भरभर बोलायची, गल्लीतल्या बायकांना बोलावून चहा पाजायची. एका लग्नाचे एकवीस दुपट्टे पिस्ता रंगात द्यायचे होते, ते तिनं सगळेच्या सगळे रानी रंगात बुडवले. निकाहात कोणी फिका रंग घालते का, असं मलाच विचारलं. मी त्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मग एके दिवशी ती भिंतीकडे तोंड करून निजली, ती दोन महिने तशीच. केस विंचरणं नाही, तुबाचा, म्हणजे आमच्या मुलीचा, डबा करणं नाही. कोणी नजर म्हणालं, कोणी माहेरचं दुःख म्हणालं. सल्ला द्यायला काही लागत नाही.

त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे वऱ्हाडात मनाची विचारपूस करणाऱ्या गाड्या खूप फिरायच्या. आमच्या भागातही एक आली. फॉर्मातला पहिलाच प्रश्न होता, शेती किती? शेती नाही म्हटल्यावर लिहिणाऱ्या साहेबांचं पेन थांबलं. मी म्हणालो, आमच्याकडे दुःखी व्हायलाही सातबारा लागतो वाटतं. त्यांना ते लागलं. पण माणूस बरा होता, त्यानं अमरावतीच्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला.

अमरावतीला डॉक्टर हर्षा मॅडम भेटल्या. वयानं लहान, पण ऐकून घेणाऱ्या. गजाला काहीच बोलेना म्हणून त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. पाच गोल चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. तुम्हाला कसं वाटतं त्यावर बोट ठेवा, म्हणाल्या. गजालानं हसऱ्यावर ठेवलं. पुढच्या खेपेला परत हसऱ्यावर. आठवडा आठवडा न जेवलेली बाई हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवते, हे पाहून माझं डोकं फिरलं. परतताना बडनेऱ्याहून गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं, असं काहून करते?

"कोणी हाल पुसला तर रडकं तोंड दाखवाचं का?" ती म्हणाली. "नाशुक्री होते."

देवानं दिलं त्याला नाव ठेवू नये, आपलं ठेवावं झाकून, हे आमच्याकडे मुलींना चालायच्या आधी शिकवतात. मला ते कळत होतं, आणि म्हणूनच जास्त राग येत होता. पण घरी आल्यावर एक सुचलं. रंग दाखवण्यात कसली नाशुक्री? दुसऱ्या दिवशी मी शेड कार्ड तिच्यासमोर धरलं आणि विचारलं, आज कोणता नंबर?

तिनं बराच वेळ पाहिलं. मग एकसष्टवर बोट ठेवलं, राखाडीवर. "याच्याहून जरा मेलेला," म्हणाली.

बिनसल्यापासूनच्या आठ महिन्यांत तिनं मला स्वतःबद्दल सांगितलेली ही पहिली गोष्ट. मी भट्टीपाशी जाऊन रडलो. वाफेचं निमित्त होतंच.

मॅडमना मी कार्ड दाखवलं तेव्हा त्या खूश झाल्या. आमच्या चेहऱ्यांपेक्षा हे बरं, म्हणाल्या. रोज एकदा विचारा, त्या रंगाची चिंधी वहीत तारखेखाली लावा आणि दर महिन्याला वही घेऊन या. माझी छाती फुगली. शिकलेल्या लोकांना जमलं नाही ते रंगाऱ्यानं केलं, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. ओल्या कापडावर रंग ठरवायचा नाही. ओलं कापड नेहमी गडद दिसतं. नवशिका घाबरतो, पाणी ओततो आणि माल बिघडवतो. जाणता माणूस कोपरा वाळू देतो आणि मगच बोलतो. आजोबांनी हे बापाला शिकवलं, बापानं मला, आणि ते माझ्या हाडात बसलं आहे.

गजाला रोज सकाळी उठली की गडदवर बोट ठेवायची. वांगी, राखाडी, कधी थेट काळा. मी म्हणायचो, चिंधी कापून ठेव, सांजेला पाहू. दिवस जायचा. ती स्वयंपाकाला लागायची, तुबा शाळेतल्या गमती सांगायची, गजालाचा चेहरा जरा सैल व्हायचा. दिवेलागणीला मी परत कार्ड पुढे करायचो. तेव्हा ती बदामी दाखवायची, मोतिया दाखवायची, एकदोनदा तर पिस्ता. मी ती चिंधी वहीत लावायचो. पाहा, वाळल्यावर कसा उतरला, असं वर म्हणायचो.

एकदा ती म्हणाली, "सकाळचा रंगबी माहाच आहे नं."

"तो ओला आहे," मी म्हणालो.

खोटं बोलणार नाही, नुसता धंद्याचा नियम नव्हता तो. काळ्यावर दुसरा रंग चढत नाही, हे मी रोज पाहतो. ती काळी चिंधी वहीत लावायला माझा हात धजत नव्हता. मला फिकी वही हवी होती. मॅडमना दाखवायला हवी होती, आणि त्याहून जास्त मला स्वतःला.

तिसऱ्या महिन्याच्या खेपेला मॅडमनी सगळी वही चाळली. पानांमागून पानं बदामी आणि मोतिया. त्यांनी गजालाला विचारलं, बरं वाटतं ना? गजालानं माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मॅडमनी तिच्या रोजच्या गोळ्यांपैकी एक निम्मी केली. परतताना मी बडनेरा स्टेशनवर संत्री घेतली आणि गाडीत तिला एकेक फोड सोलून दिली. तिनं सगळी खाल्ली. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका सकाळी मी भट्टीवर होतो. चाळीस दुपट्टे उकळत्या रंगात, हातात ढवळायची काठी. गजाला कार्ड घेऊन दुकानात आली. चौऱ्याऐंशीवर बोट होतं. चिंधी कापली नव्हती, नुसतं बोट दाबून धरलं होतं. नखाचं टोक पांढरं पडलं होतं.

"आज आत्ताच लावा वहीत," ती म्हणाली.

"वाळू दे," मी काठी न थांबवता म्हणालो. "सांजेले पाहू."

ती थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली. मी दुपट्टे पिळले, दोरीवर टाकले. त्या दिवशीचा रंग फार छान उतरला होता.

दुपारी तुबा शाळेतून आली आणि तशीच धावत दुकानात आली. गजालानं काय केलं ते मी सांगणार नाही. ती वाचली. अकरा दिवस अकोल्याच्या दवाखान्यात ठेवली, मग अमरावतीच्या वॉर्डात हलवली.

घर आवरताना तुबाला शिवणाच्या सामानात बिस्किटाचा डबा सापडला. आत सकाळच्या चिंध्या होत्या. मी काउंटरवर टाकून द्यायचो त्या सगळ्या गजालानं उचलल्या होत्या आणि सुईनं एका दोऱ्यात ओवल्या होत्या, एकामागून एक, एकही दिवस न चुकवता. मी ती माळ हातात धरली. वांगी, राखाडी, काळा, काळा, राखाडी, काळा. शेवटी शेवटी नुसता काळाच. वहीतली आणि डब्यातली बाई एकच आहे यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

मी डबा घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी माळ वहीशेजारी ठेवली आणि एकेक चिंधी तारखेशी जुळवून पाहिली.

"हा आजार सकाळीच जास्त दाबतो, बशीरभाई. संध्याकाळी थोडा ढिला होतो," त्या म्हणाल्या. "मला सकाळचाच रंग हवा होता. तुम्हाला तसं सांगायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं."

त्यांनी चूक स्वतःकडे घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चार महिने रोज सकाळी माझी बायको मला सांगत होती, अगदी नंबरासकट, आणि मी तिला वाळायला टाकत होतो.

मग मी वॉर्डात गेलो. गजाला खिडकीकडे तोंड करून पडली होती. केस कापलेले, हात उशीखाली. मी खाटेवर बसलो आणि पिशवीतून कार्ड काढून तिच्यासमोर धरलं.

"आज कोणता?" मी विचारलं. "आत्ताचा सांग. ओला असला तरी चालते."

तिनं कार्डाकडे पाहिलं. हात बाहेर काढला. बोट शेवटच्या ओळीवर गेलं आणि तिथं क्षणभर अधांतरी राहिलं. मग तिनं ते मागे घेतलं आणि चादरीखाली लपवलं.

"सांजेले सांगते," ती म्हणाली. "वाळू द्या."

त्या वॉर्डात भेटायची वेळ सकाळी दहा ते बारा. संध्याकाळी कोणालाच आत सोडत नाहीत. मी सिस्टरना विनंती केली, नियम नियम आहे, म्हणाल्या. बाराला शिपायानं घंटा वाजवली आणि मी कार्ड पिशवीत घालून बाहेर आलो.