दोन तास उघडी

"अहो फिंटन, ही एक खिडकी राहू द्या. कुणी उघडतच नाही तिला," कॉम्प्युटरवरून मान न उचलता ऑर्ला म्हणाली.

"एकोणीस दुरुस्त केल्या. विसावीनं काय घोडं मारलंय?" म्हणत फिंटननं हत्यारांची पेटी खाली ठेवली.

डब्लिनमधलं हे विटांचं घर अडीचशे वर्षांचं. बाहेरून अगदी साधं, सपाट. सगळा तोरा दारावरच्या पंख्यासारख्या काचेत. खालच्या खिडक्या पुरुषभर उंच, मग मजल्यागणिक आखूड होत होत वर नुसत्या चौकोनी. आता खोलीखोलीत ऑफिसं होती. एके काळी खोलीखोलीत बिऱ्हाडं होती, आणि या वरच्या खोलीत टुलींचं. फिंटन टुलीनं चार आठवड्यांत हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आता प्रिंटर होता तिथं आईचा पलंग होता. ती गेली तेव्हा तो आठ वर्षांचा. माणूस गेलं की खिडकी उघडायची, जिवाच्या वाटेत कुणी उभं राहायचं नाही, दोन तासांनी लावून घ्यायची, ही तिकडची जुनी रीत. पण घरमालकानं चौकटीसकट रंग फासला होता. आजीनं ओढली, बापानं ओढली, खिडकी जागची हलेना. "जाईल ती दारानं," शेवटी आजी म्हणाली. पुढं कितीतरी दिवस फिंटन दार उघडं टाकायचा आणि मार खायचा.

मोठेपणी त्यानं गावभरच्या खिडक्या मोकळ्या केल्या. आज ही करताना काहीतरी वाटेल अशी त्याची समजूत होती. काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचाच त्याला राग येत होता.

पात्यानं त्यानं रंगाचे थर कापले, खिडकी वर उचलून धरणाऱ्या चौकटीतल्या लोखंडी वजनांना नवी दोरी बांधली आणि तळवा लावला. खिडकी सरकन वर गेली. गार वारा आत घुसला, कागद उडाले.

"अगं बाई! लावा ना ती!"

"दोन तास उघडी ठेवावी लागते. दोरी बसायला हवी."

"बाकीच्यांना नव्हती लागली."

"नाही."

ऑर्ला त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या आजीला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

"कोण?" तिनं हळूच विचारलं.

"आई."

तिनं कोट अंगात चढवला, कागदांवर कप ठेवला आणि प्रिंटर बंद केला. फिंटन भिंतीला टेकून उभा होता. मग त्याचं लक्ष गेलं. त्याची पेटी प्रिंटर आणि खिडकीच्या मधोमध पडली होती. त्यानं ती उचलली आणि वाटेतून बाजूला घेतली.