ताटात लिहिलेलं नाव

२०१८ सालचा हिवाळा. शारजात, अल नहदाच्या आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये योरिको नावाची जपानी कादंबरीकार राहायला आली होती. आमच्या संग्रामची मुलगी इशिता तेव्हा कॉलेजात होती. तीच आमची दुभाषी.

योरिकोचं घराणं कुंभारांचं, चहाचे वाडगे घडवणारं. बाप थकला की वारसाने स्वतःचं नाव टाकून बापाचं घ्यायचं, हा त्यांचा रिवाज. योरिको एकुलती एक. नाव घेतलं की भट्टी सांभाळायची, लिहिणं बंद. वडील उत्तरासाठी अडून बसले होते आणि तिला नाही म्हणवत नव्हतं.

"आजी, डू वुई हॅव समथिंग लाइक दॅट?" इशिताने विचारलं.

"मीच की! माहेरी मी बकुळ. लग्नात, लक्ष्मीपूजनाच्या वेळी, तुझ्या आजोबांनी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं, विद्युल्लता."

"व्हॉट! नोबडी टोल्ड मी!"

योरिकोला ते बघायचंच होतं. मी ताटात बासमती पसरला. ह्यांची, म्हणजे अण्णासाहेबांची, अंगठी बोटातून निघेना, तेव्हा माझी दिली.

"त्या दिवशी दोनदा चुकलो होतो," लिहिता लिहिता ते म्हणाले. "आत्याने काढलेलं नाव. म्हटलं, जरा सोपं काढ. तर म्हणते, बायको हवी ना? मग लिही."

"मला विचारलं असतं तर बकुळच राहू द्या म्हटलं असतं."

"मग म्हणायचंस!"

"तसं म्हणता येतं, हे कुठे माहीत होतं?"

इशिताने ते इंग्रजीत सांगितलं. योरिकोने विचारलं, राग आला होता का?

"राग नाही गं. संसार चांगलाच झाला. पण आईला पत्र लिहिताना खाली कोणतं नाव घालायचं, इथे दर वेळी हात अडायचा. तुला 'नाही' म्हणता येतं, हे तुला माहीत आहे ना? मग म्हण."

दुसऱ्या दिवशी तिने आमच्याच सोफ्यावर बसून वडिलांना फोन लावला. शब्द कळले नाहीत, पण समोर कुणी नसताना तिची मान सारखी लवत होती. फोन ठेवून म्हणाली, "खलास." म्हणजे संपलं. इथे आल्यावर शिकलेला तेवढा एकच अरबी शब्द. आम्ही हसलो, ती मात्र रडत होती.

वडिलांनी नाव आपल्या जुन्या शिष्याला दिलं. दोन वर्षं लेकीशी बोलले नाहीत, मग बोलू लागले. योरिको अजून लिहिते. अण्णासाहेब २०२१मध्ये गेले. संग्रामने मसाल्यांचं गोदाम अजमानला नेलं. इशिता दुबईत, सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरीला आहे. अबुधाबीत रजिस्टर लग्न केलं, नाव-आडनाव तेच ठेवलं. मी अल नहदातच आहे. शेजारी आता केरळचं कुटुंब आलंय. त्यांची धाकटी मला अम्मम्मा, म्हणजे आजी, म्हणते, आणि मी ओ देते.