चित्रं लावणारी

तन्वी लोके मालवणच्या कलादालनात इंटर्न म्हणून रुजू झाली तेव्हा तिच्या पिशवीत रंगाच्या नळ्या, ब्रश आणि आईच्या जुन्या साडीची फडकी होती. सुगंधाताईंनी पिशवीत डोकावून पाहिलं, हसल्या आणि पिशवी कपाटात ठेवायला सांगून तिच्या हातात पातळी बघायची पाणसळ आणि ड्रिल मशीन दिलं.

"भिंतीला भोक पाडता येतं?"

"नाही."

"मग आज तेच शिकू."

सुगंधाताई परुळेकर मुंबईच्या एका संग्रहालयात बरीच वर्षं काम करून गावी परतल्या होत्या. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरची बंद पडलेली भाताची गिरण घेऊन त्यांनी तिचं कलादालन केलं होतं. दर वर्षी एखाद्या नवख्या चित्रकाराला त्या सहा महिने हाताखाली घेत. तन्वीनं सावंतवाडीला चित्रकलेची पदविका घेतली, पण त्यानंतरचं वर्षभर ती मिठबावला घरीच होती. चित्रं काढायची आणि खाटेखाली सरकवून ठेवायची. ती दाखवायची कुणाला, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी तिच्या एका सरांनी सुगंधाताईंचं नाव सुचवलं.

तिचे वडील सत्यवान आंब्याच्या बागेत कलमांना पाणी घालत होते, तेव्हा तिनं त्यांना हे सांगितलं होतं.

"ही नोकरी की शाळा?" त्यांनी विचारलं.

"दोनय वायच वायच."

"मगे जा तर. मावशी आसाच थंय. रवाची काळजी नाय."

पहिला महिना तन्वीनं ब्रश हातात घेतला, तो फक्त भिंती पांढऱ्या करायला. आधीच्या प्रदर्शनाची भोकं लांबीच्या लगद्यानं बुजवायची, घासायची, वर रंगाचा हात मारायचा. चित्राचा मध्य बघणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत आला पाहिजे, म्हणून पुन्हा पुन्हा मोजायचं. खाऱ्या हवेनं कागदाला बुरशी धरते, म्हणून चौकटींच्या मागे ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या. संध्याकाळी मावशीकडे पोचली की हाताला लांबीचा वास यायचा.

"आये, मी हंय गवंडी झालंय," तिनं फोनवर आईला सांगितलं.

"बरां मा मगे," आई म्हणाली, "पडवीची भिंत सोलपाटलीहा. इलंस की करून टाक."

तन्वी हसली खरी, पण फोन ठेवल्यावर तिला जरा रडूच आलं.

दुसऱ्या महिन्यात सर्वेश गवस यांचं प्रदर्शन लागलं. सर्वेशदादा दोडामार्गचे, चाळिशीतले, अबोल. त्यांनी काजूच्या बागा रंगवल्या होत्या, भल्यामोठ्या कॅनव्हासवर, दिवस मावळल्यानंतरच्या. हिरवा रंग इतका गडद की लांबून काळाच वाटावा. त्यातलं सगळ्यात मोठं चित्र दरवाज्यासमोरच, भरपूर उजेडात लावलं होतं. लोक आत यायचे, दारातून एकदा समोर बघायचे, आणि पंख्याखाली थोडं थांबून निघून जायचे.

आलेल्यांशी बोलायचं काम तन्वीकडे होतं. सुगंधाताईंनी लिहिलेला मजकूर तिनं तोंडपाठ केला होता. पुण्याहून आलेल्या एका जोडप्याला तिनं तो घडाघडा म्हणून दाखवला. अवकाश, पोत, स्मृती, सगळे शब्द जागच्या जागी आले. दोघांनी माना डोलावल्या, आणि जाताना त्यातल्या बाईंनी विचारलं, "इथे सोलकढी चांगली कुठे मिळते?"

तन्वीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी लिलाव आटोपून तीन मासेवाल्या बाया एसटीची वाट बघत समोरच्या सावलीत उभ्या होत्या. ऊन फिरलं आणि सावली सरकली, तशा त्या दालनाच्या पायरीवर आल्या. सगळ्यात वयस्क होती तिनं आत मान घातली.

"बाये, आत येवक पैशे पडतत?"

"नाय गो काकी. येवा, बसा."

"पाटये भायर ठेवतंव हां. वास मारतलो."

तिचं नाव मथुरा. बाकीच्या दोघी पंख्याखाली टेकल्या, पण मथुराकाकी सरळ त्या मोठ्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून बघू लागली.

"ह्यां काय? नुसतो काळोख काढल्यान?"

तन्वीनं पाठ केलेलं वाक्य सुरू करायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"काळोख नाय तो, काकी. तुमी उजेडातसून इल्यात ना, म्हणान तसां दिसता. हंय येवा, वायच मागे." तिनं काकीला हाताला धरून मागे आणलं, एका बाजूला उभं केलं आणि चित्रावरचा दिवा मालवला. "आता उगीच बघत रवा. घाय करू नकात."

काकी बघत राहिली. पंखा घरघरत होता. मग ती हळूच म्हणाली, "पानां दिसतत गो."

"आनी?"

"ती पिवळी... अगो, बोंडू ते! झाडाखाली पडलेले!" तिनं मैत्रिणींना हाक मारली. "सावित्री, उठ, हंय ये! माझ्या म्हायारची बाग आसा ही!"

मथुराकाकीचं माहेर दोडामार्गाकडचं होतं. लग्न होऊन ती किनाऱ्यावर आली, तिला आता नातवंडं झाली होती. माहेरी कुणी उरलं नव्हतं. संध्याकाळी आई काजू वेचायला न्यायची, अंधार पडला तरी थांबायची नाही, मग बी हाताला नाही, पायाला लागायची, असं काय काय ती सांगत राहिली. बोंडवांचा, काजूच्या पिकल्या फळांचा, आंबूस वास चित्रातून येतो म्हणाली. तन्वी मध्येच एखादा प्रश्न विचारायची, चित्रातली एखादी जागा दाखवायची, आणि काकी पुन्हा बोलू लागायची. त्या नादात त्यांची एसटी गेली. सावित्री तेवढी चिडली.

त्या गेल्यावर तन्वी वळली तर मागच्या खोलीच्या दारात सर्वेशदादा उभे होते. ते चौकटी बांधायला सकाळपासून आले होते, हे ती विसरूनच गेली होती. शेजारी सुगंधाताई.

"दिवा कोणी मालवला?" सर्वेशदादांनी विचारलं.

"मी," तन्वी म्हणाली.

"चित्रावर उजेड नको?"

"नको असं नाही, दादा. पण लोक बाहेरच्या उन्हातून येतात आणि समोर हेच दिसतं. डोळे निवायच्या आत ते निघून जातात." तिनं शेवटच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "हे शेवटच्या भिंतीवर लावलं तर? आधी छोटी चित्रं बघत बघत यायचं, आणि मग हे. दिवा मंद."

सर्वेशदादांना पटलं नाही. कोपऱ्यात गेलं की चित्र मरतं, असं त्यांचं म्हणणं. सुगंधाताई मध्ये पडल्या. "एक दिवस लावून बघू या. नाही आवडलं तर भोकं बुजवायला हीच आहे."

तिघांनी मिळून चित्र हलवलं. दुसऱ्या दिवशी सर्वेशदादा पाहुण्यासारखे बाहेरून आत आले, सावकाश शेवटच्या भिंतीपर्यंत गेले आणि तिथे बराच वेळ थांबले. चित्र तिथेच राहिलं.

"आणि माझा तो मजकूर आता बाजूला ठेव," सुगंधाताई तन्वीला म्हणाल्या. "तू काल बोललीस तसंच बोलत जा. पुण्याचं माणूस आलं तर पुण्याच्या भाषेत, पण तसंच."

त्यानंतर दालनात वर्दळ वाढली असं नाही, पण आलेली माणसं रेंगाळू लागली. मथुराकाकी पुढच्या आठवड्यात सुनेला घेऊन आली. तन्वी सकाळी किल्ली घेऊन आली की दिवे लावण्याआधी नुसतीच दालनात फिरायची. कुठल्या चित्राशेजारी कुठलं बोलकं होतं, कुठलं शेजारच्याला गिळतं, हे तिला दिसू लागलं होतं. हे शिकण्यासारखं काही असतं, हेच तिला आधी ठाऊक नव्हतं.

सहा महिने संपताना इंटर्नला मागची लहान खोली स्वतःच्या प्रदर्शनासाठी मिळायची. तन्वीनं मिठबावहून खाटेखालची सगळी चित्रं आणवली आणि जमिनीवर मांडली. पूर्वी तिला ती सगळीच लावावीशी वाटली असती. आता एकेक उचलून ती बाजूला ठेवत गेली. शेवटी तीन उरली. ती तीन चांगली होती, याची मात्र तिला खात्री होती.

तिनं सावंतवाडीच्या वर्गमित्राला, कौस्तुभला, फोन लावला. तो कुडाळला बॅनर छापण्याच्या दुकानात काम करत होता.

"तुझी ती कोळशान काढलेली चित्रां आसत मा रे?"

"आसत खंयतरी माळ्यार. कित्याक?"

"घेवन ये. आनी आपल्या वर्गातल्या दिव्याकय सांग, तिची मातीची भांडी घेवन ये म्हणान."

खोली मांडून झाली. कौस्तुभची आठवडाबाजाराची काळी-पांढरी चित्रं, मध्ये दिव्याची ओबडधोबड भांडी, आणि तन्वीची तीन चित्रं, भरतीच्या पाण्याची. उद्घाटनाला सत्यवान आणि आई सकाळच्या एसटीनं आले. आईनं आल्या आल्या भिंतीवर हात फिरवून रंगकाम तपासलं. सत्यवान सगळी खोली फिरले.

"तुझी तीनच?" त्यांचा आवाज जरा पडला होता.

"तीनच, बाबा. पन लावलंय सगळां मी."

त्यांनी पुन्हा एक फेरी मारली, या वेळी सावकाश. "बरी लागलीहत," ते म्हणाले. "एकमेकांक धक्को लागना नाय. पेटयेत आंबे बसवतत तसां केलंस." आंब्याच्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही, हे तन्वीला ठाऊक होतं.

कौस्तुभची दोन चित्रं त्याच दिवशी गेली, त्यातलं एक पणजीहून आलेल्या एका बाईंनी घेतलं आणि आणखी काय आहे म्हणून त्याचा नंबर मागितला. तो भांबावून तन्वीकडे बघत राहिला. तन्वीचं एकही गेलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून दिव्या तिच्याभोवती घुटमळत होती, पण तन्वी मजेत होती. सुगंधाताईंनी सकाळीच तिला पुढचं वर्षभर सहायक म्हणून राहायला सांगितलं होतं, आणि आठवड्यातले दोन दिवस चित्रं काढायला मोकळे ठेवायचे, हेही त्यांनीच सुचवलं होतं.

गर्दी ओसरल्यावर सर्वेशदादा आले. चहाचा कप हातात धरून कोपऱ्यात उभे राहिले.

"कोल्हापुरात माझां प्रदर्शन आसा, दिवाळीनंतर," ते म्हणाले. "चित्रां लावूक तू येशीत? रीतसर, तुझां नाव घालून."

तन्वीनं सुगंधाताईंकडे पाहिलं. त्या मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या.

"येतंय," तन्वी म्हणाली. "पन दादा, आदी माका ती जागा बघूक व्हयी. उजेड खंयसून येता, लोक खंयसून येतत, तां बघल्याशिवाय मी कायेक सांगूचंय नाय."

सर्वेशदादा हसले. इतक्या महिन्यांत तिनं त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "आयतवारी जावया," ते म्हणाले, आणि चहा संपवून कौस्तुभची चित्रं बघायला गेले.