हेजूचा माइक सोदामच्या हातात

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा आणि मग माझं ऐका. मी हातात धरून गायचा एक म्हातारा माइक आहे. आयुष्यभर मी माणसांच्या ओठांपासून दोन बोटांवर राहिलो. त्यामुळे तोंड नावाच्या वस्तूची मला जितकी शिसारी आहे तितकी दुसऱ्या कशाचीच नाही. थुंकी, लाली, कांदा, लसूण, कफ, मी सगळं सोसलं. ते धुतलं की जातं. जे धुऊन गेलं नाही ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म इंचॉनच्या एका कारखान्यात झाला. तपासणीच्या बाईंनी मला पहिल्यांदा चालू केलं आणि त्या माझ्यात बोलल्या, "ऐकू येतंय का? जेवलात का?" पलीकडच्या बाई म्हणाल्या, "नाही हो अजून, चला." माझ्यात बोलले गेलेले ते पहिले शब्द. पुढे हजारो लोक माझ्यात बोलले, पण इतकं साधं आणि खरं बोलणं फार थोड्यांनी केलं.

तिथून मी राजधानीत, सोलला, एका गाण्याच्या कंपनीत आलो. कंपनीचा चार मुलींचा एक चमू होता, नाव 'दालमुरी', म्हणजे चंद्राभोवतीचं खळं. हेजू, सेरान, वोनही आणि सोदाम. चौघींचे चार माइक. मी एक नंबरचा, म्हणजे हेजूचा.

हेजूचं काय सांगू! ती नुसती हसली तरी समोरच्या मुली रडायच्या. गाण्यातल्या गोड ओळी तिच्या, मधली जागा तिची, जाहिराती तिच्या. तिने स्वतःच्या हाताने मला पिवळे खडे चिकटवले होते आणि मी फार मिरवायचो. हो, तेव्हा मी मूर्ख होतो. गाण्याआधी चघळलेलं च्युइंगम ती माझ्या बुडाला चिकटवून ठेवायची आणि गाणं झालं की परत तोंडात टाकायची. शी! तरीही मला वाटायचं, केवढं हे भाग्य.

सोदाम चौथी. दक्षिणेला थोंग्योंग म्हणून बंदर आहे, तिथे तिची आई सुक्या मासळीचं दुकान चालवते. सात वर्षं तालमीत घासून ही पोरगी चमूत आली आणि प्रत्येक गाण्यात तिच्या वाट्याला आठ सेकंद आले. तिचा माइक साधा करडा, एकही खडा नाही. पण कार्यक्रम संपला की ती तो पुसून, दोन्ही हातांनी मेंगकाकांना परत द्यायची. मला तिचं हसू यायचं.

मेंगकाका आमचे ध्वनीवाले. रोज आमच्या जाळ्या काढायचे आणि कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशने घासायचे. घासता घासता बडबडायचे, "पोरींनो, दात घासता की नाही? या जाळीत आख्खी खानावळ सापडली मला!"

आता त्या दिवसाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या दिवसावरून झालं. तेगू शहरात मोठा कार्यक्रम होता आणि हेजूचा वाढदिवस होता. आमच्याकडे वाढदिवसाला समुद्रातल्या शेवाळाचं सूप प्यायची रीत आहे. चाहत्यांनी सुपाची आख्खी गाडीच पाठवली होती. सकाळपासून जो येईल तो हेजूला वाटीभर सूप पाजत होता, आणि कॅमेरे चालू असल्यामुळे तीही हसून पीत होती. त्यात तिला दोन दिवसांचा ताप. रंगमंचावर जायला अर्धं मिनिट उरलं आणि पडद्याच्या कडेला तिला भडभडून उलटी झाली. कुठे? माझ्यावर!

मित्रांनो, ते वर्णन करत नाही. तुम्ही जेवायचे असाल.

हेजू "मी नाही जात," म्हणत होती. सोदामने एका झटक्यात मला तिच्या हातातून ओढलं आणि स्वतःचा स्वच्छ माइक तिच्या हातात कोंबला.

"ताई, हा घे. पळ. मी बघते याचं."

"अगं, पण तो... तू कसा धरशील?"

"नाक बंद करून धरते. तू जा ना बाई!"

तिने बाहीने मला पुसलं आणि तशीच मागोमाग गेली. तिचे आठ सेकंद ती माझ्यावर गायली, तेही ओठ टेकवून, म्हणजे समोरच्यांना शंका यायला नको. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सूर हलला नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःच्या खड्यांची लाज वाटली.

सहा महिन्यांनी हेजू चमू सोडून गेली. दुसऱ्या कंपनीने तिला एकटीला गायला बोलावलं होतं. जावं की! पाखरं उडतातच. पण बरोबरच्या तिघींना ते कळलं कसं? गाडीत बसून किम्बाप, म्हणजे शेवाळात गुंडाळलेला भात, खाताना, फोनवरच्या बातमीतून. वोनहीच्या तोंडातला घास तसाच राहिला. सेरान मोठी, ती एवढंच म्हणाली, "काल रात्री माझ्याच शेजारी झोपली होती ही."

मग चाहत्यांना चेव आला. हेजू गेली म्हणजे कोणीतरी तिला छळलं असणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. आता ते कोणीतरी कोण, एवढंच शोधायचं राहिलं. आमचे चाहते तर एखाद्या मुलीने कोणत्या बाजूला मान वळवली यावरून तिच्या मनातलं ओळखणारे! तेगूला पडद्याच्या फटीतून कोणीतरी चित्रण केलं होतं. तीन सेकंदांचं. त्यात उलटी दिसत नव्हती. दिसत होतं एवढंच, की सोदाम हेजूच्या हातातून हेजूचा पिवळा माइक हिसकावून घेते आहे आणि हेजूचे डोळे भरलेले आहेत.

झालं! कंपनीच्या दाराशी मोठे पडदे लावलेले ट्रक येऊन उभे राहिले. त्यांवर दिवसभर तेच तीन सेकंद फिरत होते आणि खाली अक्षरं, 'माइकचोर सोदाम, चालती हो'. तिचे फोटो फाडून पाकिटातून तिलाच पाठवले. थोंग्योंगला तिच्या आईच्या दुकानावर कोणी कुजकी अंडी फेकली. मी पेटीत पडून हे ऐकत होतो. अरे, चोरीचा माल म्हणता तो मीच आहे ना? मग मला विचारा की! पण माइकला स्वतःचा आवाज नसतो. दुसरं कोणी बोललं तरच आमच्यातून आवाज निघतो.

हेजूने एक वाक्य बोलायचं होतं. "मला उलटी झाली होती, सोदामने मला सांभाळून घेतलं." संपलं असतं सगळं. तिने काय लिहिलं? 'त्याविषयी मला बोलायचं नाही. तुम्ही सगळे भरपूर जेवा, तब्येतीला जपा.' वा गं वा! त्यावर तर लोक आणखीच पेटले. बघा, बिचारी सोसून गप्प बसली आहे म्हणे. आणि उलटी करणारी तारका कोणाला आवडते, हा हिशोब तिच्या नव्या कंपनीने केला असणार, हे मेंगकाका तेव्हाच म्हणाले होते.

आमची कंपनी तरी कुठे बरी! आमच्या मालकांनी, चू साहेबांनी, माझे खडे चाकूने खरवडून काढले. एकेक खडा पाकिटात घालून 'हेजूची शेवटची आठवण' म्हणून नव्या गाण्यांबरोबर विकला. बुडाचं वाळकं च्युइंगमसुद्धा एकाने उचलून प्लॅस्टिकच्या डबीत घातलं. ते कुठे गेलं ते मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही.

अशा अवस्थेत, अंगभर गोंदाचे डाग घेऊन, मी सोदामच्या हातात आलो. हेजूच्या ओळी आता तिला गायच्या होत्या. निदान तिला तसं वाटलं. सोलच्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चू साहेब तालमीला आले.

"मेंग, हेजूच्या ओळी रेकॉर्डवरून जाऊ द्या. हेजूचाच आवाज. सोदामने नुसते ओठ हलवायचे. तिचा माइक बंद."

"साहेब, पोरगी चांगली गाते," काका म्हणाले.

"गात असेल. लोकांना ती नकोय. त्यांना हेजू पाहिजे, हेजू देऊ. तुम्हाला नोकरी पाहिजे ना?"

सोदाम तिथेच उभी होती. तिने मान लववली आणि "बरं, साहेब," म्हणाली. तिचा तळहात ओला झालेला मला कळला. मेलेला उंदीर टाकावा तसं त्या माणसाने त्या मुलीला बाजूला टाकलं होतं, तिच्याच देखत.

संध्याकाळी सभागृह भरलं. आमच्याकडे चाहते हातात दिव्याच्या कांड्या धरून येतात आणि गाणं सुरू होताना चौघींची नावं आडनावासकट ठेक्यात, ओळीने ओरडतात. तो ठेका त्यांच्या रक्तात भिनलेला असतो. त्या दिवशीही ओरडले, "कु हेजू!" हेजू तर नव्हतीच! मग "ओक सेरान! मा वोनही!" आणि चौथ्या नावाच्या जागी कोणी ब्रही काढला नाही. ते सगळं आधी ठरलेलं होतं. पाठोपाठ सोदाम पुढे आली आणि हजारो दिवे एकदम विझले. याला ते काळा समुद्र म्हणतात. ज्या माणसाला हाकलायचं असेल त्याच्यासमोर हा समुद्र करतात. मित्रांनो, शिव्या परवडल्या. हजारो माणसं तुमच्यासमोर बसून, ठरवून, तुम्ही नाहीतच असं वागतात, याहून ओंगळ काही मी पाहिलेलं नाही.

हेजूचा रेकॉर्डवरचा आवाज सुरू झाला. सोदाम ओठ हलवू लागली. मी बंद. अंधारात कोणीतरी खिदळलं.

दुसऱ्या ओळीला सोदाम थांबली. तिने मला तोंडापासून बाजूला केलं आणि हात खाली सोडला. हेजूचा आवाज गातच राहिला, गोड, टवटवीत, आणि तो कुणाच्याच तोंडातून येत नव्हता. सगळ्यांनी ते पाहिलं. खिदळणं बंद झालं. तिने लांब मेंगकाकांकडे बघितलं, काही मागितलं नाही, नुसतं बघितलं.

काकांनी रेकॉर्ड कापली आणि मला चालू केलं.

सोदामने मला वर घेतलं. आवाज जरा फाटका लागला, मग सावरला. आठ सेकंदांपलीकडे तिला मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिचा आवाज भरदार होता, समुद्राकाठच्या माणसाचा. दिवे लागले का? नाही लागले. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पण गाण्याच्या शेवटी पुन्हा नावांचा ठेका आला, आणि त्या चौथ्या रिकाम्या जागेत सेरान आणि वोनही आपापल्या माइकमधून ओरडल्या, "पांग सोदाम!" हे काम चाहत्यांचं. गाणाऱ्या मुली कधी करत नाहीत. त्या दोघींनी केलं, घसा फोडून केलं. सोदाम मला छातीशी धरून उभी होती आणि तिची धडधड सगळ्या सभागृहात ऐकू जात होती.

दुसऱ्याच दिवशी मेंगकाकांची नोकरी गेली. कंपनीने मला कचऱ्यात टाकलं होतं, तिथून काकांनी मला उचललं. वसंत यायच्या आत दालमुरी मोडली. सोदाम थोंग्योंगला परतली. आईच्या दुकानात बसते आणि शेजारच्या मुलांना गाणं शिकवते. काका आता म्हाताऱ्या माणसांच्या एका मंडळात ध्वनी सांभाळतात, आणि तिथे आज्या माझ्यावर जुनी गाणी गातात. कवळी सुटते, थुंकी उडते, पण मला त्यांचा राग येत नाही.

मागच्या महिन्यात हेजू आली, टीव्हीवाल्यांना घेऊन. जुन्या आठवणींचा कार्यक्रम होता.

"अय्या, माझा माइक!" तिने माझा मुका घेतला. कॅमेऱ्यासाठी दोनदा घेतला.

सूत्रसंचालकाने हसत विचारलं, "हाच ना तो, हिसकावलेला? खरं काय झालं होतं हो तेगूला?"

मी चालू होतो, मित्रांनो. बॅटरी नवी होती. जाळी स्वच्छ होती. मेंगकाका कोपऱ्यात हातात टूथब्रश घेऊन थांबले होते. इतक्या वर्षांनी ते एक वाक्य माझ्यातून जाणार, म्हणून मी जीव मुठीत धरून वाट बघत होतो. हेजूने तोंड उघडलं.

ती शिंकली. माझ्यावरच. मग नाक पुसत गोड हसून म्हणाली, "जाऊ द्या हो, जुन्या गोष्टी. आम्ही सगळ्या बहिणीच आहोत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी काका मला नळाखाली धरून घासतच राहिले. साबण संपला तरी घासत होते. तेवढ्यात फोन वाजला. थोंग्योंगहून सोदामचा. काकांचे हात ओले, म्हणून त्यांनी आवाज मोठा करून फोन बाजूला ठेवला.

"काका, जेवलात का?"

"जेवतो गं. बघितलास कार्यक्रम?"

"बघितला. काका, ती माइकवर शिंकली. नीट धुतलात ना त्याला?"

काकांनी नळ मोठा सोडला, तिला पाण्याचा आवाज ऐकू जावा म्हणून.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कधी माझ्यासारखा एखादा माइक तुमच्या हातात आला, तर गाऊन झाल्यावर पुसून ठेवा. आणि कुणाची अब्रू तुमच्या एका वाक्यावर अडली असेल, तर ते वाक्य बोला. बोलायचं नसेल, तर कृपा करून मला तोंडाजवळ नेऊ नका. मला घाण वाटते.