आकार घटला, वजन तेवढंच

साकीनाक्याच्या एका गाळ्यातल्या छोट्या प्रयोगशाळेत सपना गजभिये तीन वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागली होती. पाण्यात विरघळलेल्या पॉलिमरवर इलेक्ट्रॉनचा झोत टाकायचा आणि त्याची एकेक लांब साखळी स्वतःतच गुंतवून तिचा इवलासा गोळा करायचा. हे नॅनोजेल. त्यात डोळ्याचं औषध भरलं, की ते अश्रूंबरोबर वाहून न जाता टिकायला हवं. सपनाची आई सुंदराबाई महापालिकेच्या दवाखान्यात आया होती. दिवसातून चारदा थेंब घालायला विसरणारी म्हातारी माणसं तिने खूप पाहिली होती.

पण सतरा वेळा वाट लागली. आधी बाटलीत खळच व्हायची. शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना चिकटत होत्या. सपनाने द्रावण दहा पट पातळ केलं, तर आता साखळ्या तुटायलाच लागल्या.

"जोडायला रसायन वापर ना," कंपनीचा मालक अनिरुद्ध वैतागून म्हणाला. "महिन्याभरात होईल."

"ते जेलमध्ये उरलं तर? तू घालशील तुझ्या डोळ्यात?"

अनिरुद्धने रसायनाचा विषय सोडला.

साखळ्या तोडतो तो ऑक्सिजन, हे सपनाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ती द्रावणात दुसरा वायू सोडून तो आधीच हाकलत असे आणि बाटल्या बंद करून, जिथे झोत टाकला जायचा त्या ठाण्यापलीकडच्या किरण-केंद्रावर नेत असे. मग हा येतो कुठून? अठराव्या खेपेला तिने एका बाटलीत ऑक्सिजन मोजायचा मीटर बसवला आणि टॅक्सीत ती मांडीवर घेऊन बसली. निघताना आकडा शून्य होता. घाटकोपरच्या ट्रॅफिकमध्ये तो हलला, मुलुंडला पोचेपर्यंत चढतच गेला. रबरी बुचातून हवा आत शिरत होती.

तिने तिथूनच फोन लावला. "अनिरुद्ध, आपल्या साखळ्या ट्रॅफिकने तोडल्यात रे!"

पुढच्या खेपेला तिने वायूचा सिलिंडरच टेम्पोत घालून केंद्रावर नेला. झोताच्या दारात उभं राहून बाटल्यांत वायू सोडला आणि लगेच त्या आत सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीचे आकडे आले. साखळीचा आकार चाळीस नॅनोमीटरवरून पंचवीसवर आला होता. वजन? तेवढंच. म्हणजे काहीच तुटलं नव्हतं, शेजारणीला कुणी चिकटलं नव्हतं. प्रत्येक साखळी आपल्या आपल्यातच गुंतली होती.

"झकास!" अनिरुद्ध ओरडला. "पण जिवंत पेशींना चालेल का?"

तीन दिवसांनी सपना सूक्ष्मदर्शकावर वाकली. जेलमध्ये ठेवलेल्या पेशी टवटवीत होत्या, वाढतही होत्या. तिने डोळे पुसले, पुन्हा पाहिलं आणि मग आईला फोन केला.

"आई, जमलं गं!"

"मला वाटलंच होतं," सुंदराबाई म्हणाली. मग फोन बाजूला धरून तिने दवाखानाभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझ्या सपनाने केलं बरं का!"