आपल्या माणसाची टकटक

केरी ओल्डरॉइडच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: दारावरची खूण माहीत असलेली आणि नसलेली. खूण अशी, की आधी दोन ठोके, मग पत्रं टाकायच्या फटीची झडप एकदा वाजवायची आणि शेवटी आणखी एक ठोका. ही खूण माहीत असलेली माणसं तिघंच. केरीची आई ब्रेंडा, धाकटी बहीण शेरिल आणि शेजारीण पॉलीन. बाकी कोणी कितीही दार बडवलं तरी केरी घरात नसे, मग स्वयंपाकघरात टोस्ट करपत का असेना.

खूण मूळची ब्रेंडाची. केरी लहान असताना दर शुक्रवारी कौन्सिलचा, म्हणजे घरमालक नगरपालिकेचा, भाडेवाला यायचा आणि बोटातली जाड अंगठी दारावर आपटायचा. अंगठीचा आवाज आला की ब्रेंडा टीव्ही बंद करायची, दोन्ही पोरींना सोफ्यामागे बसवायची आणि त्यांच्या तोंडात एकेक बिस्किट द्यायची. चावायचं नाही, आवाज होतो, नुसतं चोखायचं. बिस्किट विरघळेपर्यंत माणूस गेलेला असायचा. केरीला त्या खेळाची भारी मजा वाटायची. हसू दाबता दाबता पोट दुखायचं, हे ती अजून चारचौघांत रंगवून सांगते.

आता ती पंचेचाळिशीची झाली होती आणि एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होती. भाडेवाला केव्हाच इतिहासजमा झाला. भाडं कोपऱ्यावरच्या दुकानात कार्ड फिरवून भरायचं. पण गेल्या हिवाळ्यात शाळेने तिचे तास कापले आणि पगाराला जोड म्हणून सरकारी भत्ता सुरू झाला. भत्ता यायचा महिन्याने, भाडं लागायचं आठवड्याने, आणि आगाऊ पैसे भरायचा विजेचा मीटर तर रोजच तोंड वासून बसलेला. भत्त्यातला भाड्याचा वाटा हातात पडला की बोटांच्या फटीतून गळून जाई. थकबाकी साचली. कौन्सिलची पत्रं ती न फोडताच ब्रेडच्या डब्यामागे सारायची. शेवटचं मात्र फोडलं, आणि तिच्या पाचावर धारण बसली. पुढच्या गुरुवारी कोर्ट, आणि कौन्सिल घराचा ताबा मागणार. या घरात ती अठरा वर्षं राहिली होती.

वस्तीतलं शहाणपण सांगायचं, वसुलीवाल्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नका. एकदा पाय आत पडला की टीव्हीपासून पलंगापर्यंत सगळं लिहून नेतात. ते शहाणपण जप्तीवाल्यांपुरतं होतं, पण केरीने एवढा भेद कधी केला नाही. कौन्सिलचं ओळखपत्र गळ्यात घालून फिरणारा प्रत्येक माणूस तिच्या हिशेबी जप्तीवालाच.

त्या बुधवारी दुपारी ती टोस्टवर बीन्स ओतत होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली. दोन ठोके, झडप, एक ठोका. केरी चमचा हातात घेऊनच दाराकडे गेली.

"ये गं, आलेच—"

दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण उभा होता. "मिस ओल्डरॉइड? मी गॅरेथ हेग, कौन्सिलच्या भाडे—"

दार धाडकन बंद झालं. थोड्या वेळाने झडप वर झाली.

"पुढच्या गुरुवारच्या आत माझ्याशी फक्त दहा मिनिटं बोला. एवढंच म्हणणं आहे."

"केरी घरी नाहीये!"

"मग मी कोणाशी बोलतोय?"

"तिच्या बहिणीशी!"

"बरं," झडप म्हणाली. "बहिणीला सांगा, मी पुन्हा येईन."

केरी जिन्याच्या पायरीवर बसली. हा हेग पाच महिने या दारावर येत होता, आणि पाच महिन्यांत त्याला दाराचा रंग सोडून काही दिसलं नव्हतं. आज तो घरचं माणूस असल्यासारखी टकटक करतो? खूण वाऱ्यावर उडत गेली नव्हती, कोणीतरी ती दिली होती. केरीच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती पॉलीनच्या दिशेनेच चुकचुकली.

कारण पॉलीनच्या तोंडात तीळ भिजत नसे. शिवाय गेल्याच महिन्यात कौन्सिलने तिला नवंकोरं स्वयंपाकघर बसवून दिलं होतं, आणि केरीच्या ओट्याखालचं फडताळ मात्र तीन वर्षं दोरीने बांधलेलं. फुकट कोण काय देतं? दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात पॉलीन कपडे वाळत घालत होती. केरीने कुंपणापलीकडे मान काढली.

"स्वयंपाकघर झकास झालंय गं. कौन्सिलला एकदम तुझीच कशी आठवण झाली?"

"सात वर्षं त्यांच्या कानीकपाळी ओरडले तेव्हा झाली. का गं? लिंबू चोखल्यासारखं तोंड का ते?"

"काही नाही. कोणी काय विकून काय घेतलं, ते बघतेय."

पॉलीनने तोंडातला चिमटा काढला. "माझ्या फ्रीजमधलं दूध सहा महिने घेऊन जातेस, ते विकतेय की काय मी? डोकं तपासून घे, केरी." आणि ओले कपडे तसेच गोळा करून ती आत निघून गेली. केरीला वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

संध्याकाळी शेरिलला फोन केला, तर ती म्हणाली, "तो बोलायलाच आला होता, तर बोल ना बाई एकदाचं." झालं! शेरिल केव्हापासून कौन्सिलची वकील झाली? केरीने तिचंही नाव संशयितांत घातलं.

शुक्रवारी ब्रेंडा चहाला आली. केरीने सगळं सांगितलं, हातवारे करून, दोघींची नक्कल करून. ब्रेंडा ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचं बिस्किट कपात बुडून तुटलं आणि तळाशी गेलं. सत्तर वर्षांत तिचं बिस्किट कधी चहात पडलं नव्हतं, पण केरीला ते कुठलं दिसायला! ती सापळा रचण्यात गुंग होती.

"खूणच बदलते. पॉलीनला सांगायचं तीन ठोके. शेरिलला सांगायचं झडप दोनदा. आता जी टकटक घेऊन तो येईल, तिचा धनी चोर. आणि तुला आपली वेगळी. नखाने दार खरवडायचं, मांजरासारखं, मग एक ठोका."

"मला सांगू नकोस."

"का?"

"म्हातारी झाले. विसरेन."

"तू विसरतेस? माझा पहिला दात कुठल्या वारी पडला ते सांगतेस तू! आणि नाहीतर थंडीत बाहेर उभी राहशील. तुझ्यावर कोण संशय घेतंय, आई?"

ब्रेंडाने उरलेला चहा न पिताच कोट घातला.

शेरिलला नवी खूण केरीने फोनवर दिली, पॉलीनला कुंपणावरून ओरडून. पॉलीनने खिडकी लावून घेतली. शनिवार गेला, रविवार गेला, सोमवारही कोरडाच. केरी सारखी खिडकीच्या पडद्याआड उभी राहायची. झोप उडाली होती. मधूनच तिच्या मनात यायचं, की चोर सापडला तरी गुरुवार काही टळत नाही. तो विचार दाबायला ती पुन्हा चोराचा विचार करायची.

मंगळवारी दुपारी दारावर नख फिरलं. खर्र, आणि एक ठोका.

चला, निदान आई तरी आली! केरीला इतका धीर वाटला, की तिने साखळीही लावली नाही.

दारात हेग उभा होता. खरवडणारं बोट अजून हवेतच, कानांपर्यंत लाल झालेला. त्याच्या मागे फाटकाशी ब्रेंडा, अंगात काळा कोट, जो ती फक्त अंत्ययात्रेला घालायची.

"आई?"

"मीच. पहिली खूणही मीच दिली."

"तू?" केरीला खरंच वाटेना. कौन्सिलची कचेरी दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जाणारी ही बाई. चाळीस वर्षं तो नेम तिने मोडला नव्हता.

"ब्रेडच्या डब्यामागचं पत्र दिसलं मला, आणि बस पकडून गेले. त्याच्या टेबलावर ठोकून दाखवली. त्याने तुझ्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाही, नियम आहे म्हणे. पण ऐकायला त्याला कोणता नियम आडवा आला नाही."

"मला घराबाहेर काढायला मदत केलीस? पोटच्या पोरीला?"

ब्रेंडा फाटक सोडून पुढे आली. "लॅबर्नम रोडचं घर आठवतं तुला?"

"ओल होती म्हणून सोडलं ते?"

"कसली ओल? भिंती ठणठणीत कोरड्या होत्या." मग ती एका दमात म्हणाली, "मी दार उघडलं नाही, केरी. मला वाटायचं, गप्प बसलं की जातात. जातात गं, पण पुन्हा येतात. शेवटी आले तेव्हा त्यांनी ठोठावलंसुद्धा नाही. कुलूपवाला घेऊन आले. जीनमावशीकडे दोन वर्षं काढली, ती काय सुट्टी होती होय?"

केरीला ती एक खोली आठवली, एका पलंगावर तिघी. मग सोफा आठवला. त्या अंधारात ती हसायची, शेरिल हसायची. आई कधीच हसत नव्हती, हे तिला आज पहिल्यांदा आठवलं. मग रागाला जागाच राहिली नाही.

हेग खोकला. "आत नको वाटत असेल तर इथे पायरीवर बोलू. भत्त्यातला भाड्याचा वाटा परस्पर आमच्याकडे वळवता येईल, आणि बाकी थोडी थोडी करून, तुम्हाला झेपेल तेवढीच. आज ठरलं तर गुरुवारी कोर्टाला आम्हीच थांबा म्हणू. पण ठरवायला तुम्ही हव्यात. तुमच्या बहिणीची सही चालत नाही."

"टीव्हीला हात लावायचा नाही," केरी म्हणाली.

"माझ्याकडे आहे," हेग म्हणाला.

ती बाजूला झाली. हेग पाय पुसून सोफ्यावर अंग चोरून बसला. केरीने ब्रेडच्या डब्यामागचा गठ्ठा काढून त्याच्या पुढ्यात टाकला आणि चहा ठेवला. पॉलीनकडे काय तोंड घेऊन जायचं, हा प्रश्न संध्याकाळपर्यंत मागे पडला. झेपेल तो आकडा ठरायला चहाचे दोन कप लागले, सही करण्याआधी केरीने कागद दोनदा वाचला, आणि हेगने घाई केली नाही.

मग बशी पुढे आली. हेगने एक बिस्किट उचललं आणि संकोचाने हळूच, जराही आवाज न करता कडेला दात लावला. ब्रेंडा कोट न काढता दाराजवळच्या खुर्चीत बसून ते बघत होती.

"चावा हो खुशाल, साहेब," ती म्हणाली. "आता आवाज झाला तरी चालतो."