भिंतीपलीकडची शिट्टी

मी माईक बोलतोय. दचकू नका. आयुष्यभर लोक माझ्या तोंडाला तोंड लावून बोलत आले आणि मी मुकाट्याने ऐकून घेतलं. आज जरा माझं ऐका.

माझा जन्म कुठे झाला ते सांगता येणार नाही. मला डोळे नाहीत हो. पहिली आठवण आहे ती नारायण पेठेतल्या एका दुकानाची. खोकं उघडल्याचा आवाज झाला आणि दुकानदार कोणाला तरी म्हणाला, "हात लावायचा असेल तर घ्यायचा. बघायचा असेल तर लांबूनही दिसतो." ज्याला तो हे म्हणाला त्याने मला तिथल्या तिथे घेतलं. तो श्यामसुंदर.

मी ओठांना टेकवून धरायचा माईक. माझ्या वरच्या अंगाला एक दांडी आहे. ती बोलणाऱ्याच्या वरच्या ओठावर टेकते. त्यामुळे मला ओठांजवळचं तेवढं लख्ख ऐकू येतं आणि लांबचं अगदी पुसट. मैदानात दहा हजार माणसं ओरडत असली तरी मी पुढे पाठवतो तो एकट्याचाच आवाज. श्यामसुंदरच्या मिशीचा केस न् केस माझ्या ओळखीचा. खडीसाखरेचा खडा आज उजव्या गालात आहे की डाव्या, तेसुद्धा मी सांगेन.

वीस वर्षं आम्ही रेडिओवर कबड्डी सांगितली, खो-खो सांगितला, हॉकी सांगितली. "ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही, हे क्षणभरही विसरायचं नाही," हा त्याचा नेम. मला तो फार आवडायचा, कारण मलाही काहीच दिसत नव्हतं. चढाई करणारा कुठल्या पायावर जोर देतोय, बोनस रेषा किती लांब आहे, हे सगळं मी त्याच्या तोंडून पाहिलं.

मग ती कामं थांबली. मी कापडी पिशवीत गेलो आणि त्याच्या नारायण पेठेतल्या घरी कपाटात पडून राहिलो. श्यामसुंदरची बायको गेली ते मला पिशवीतूनच कळलं, कारण घरातलं बोलणं बंद झालं. कधीमधी तो पिशवी सोडायचा, मला पुसायचा आणि म्हणायचा, "दिवसभरात दूधवाल्याशी चार शब्द होतात रे. ते पण 'उद्या अर्धा लिटर' एवढेच."

आणि मग काय, एक दिवस आम्हाला चक्क बर्फावरची हॉकी लागली!

झालं असं, की कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका व्यावसायिक संघात मूळच्या पुण्याच्या एका गृहस्थांची भागीदारी होती. त्यांची हौस अशी, की सामने मोबाईलवर मराठीतून दाखवायचे. ते काम अनिरुद्धने घेतलं आणि समालोचनाला श्यामसुंदरला बोलावलं. कर्वेनगरातल्या सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, हा त्याचा स्टुडिओ. तिकडे संध्याकाळी सामना सुरू झाला की इकडे सकाळचे साडेआठ. संघाचं नाव हार्बर हेरन्स. पहिल्याच दिवशी श्यामसुंदरने त्यांचं बारसं केलं. "आपले बगळे."

शेजारच्या खुर्चीत चैताली. ती लडाखला जाऊन गोठलेल्या तळ्यावर हा खेळ शिकून आलेली. सामन्याआधी तो तिला खोदून खोदून विचारायचा आणि मी कान टवकारायचो.

"बर्फावर वळताना आवाज कसा येतो गं?"

"खर्र असा, काका. नारळ खवतो ना, तसा."

"आणि थांबताना?"

"थांबताना बर्फाचा चुरा उडतो. आवाज लांबतो थोडा."

मी बर्फ कधी पाहिला नाही. पण तिकडून श्यामसुंदरच्या कानात येणारं ते खर्र मला पुसट का होईना ऐकू यायचं आणि वाटायचं, एकदा तरी कोणीतरी मला बर्फावर टेकवावं.

अनिरुद्धचं मात्र वेगळं म्हणणं. त्याने गोधडीवर पाटीच टाचली होती. चैतालीने ती मोठ्याने वाचली म्हणून मला कळली. 'चित्र दिसत आहे. कृपया ते सांगू नये.'

"काका, हा रेडिओ नाही," तो म्हणायचा. "लोकांना चकती दिसते. डावीकडून आली, उजवीकडे गेली, कशाला सांगायचं?"

"बरं," श्यामसुंदर म्हणायचा. पुढच्या मिनिटाला चकती, म्हणजे या खेळातला चेंडू, डावीकडून निघायची आणि हा सांगून मोकळा. जित्याची खोड!

हंगाम संपल्यावर श्यामसुंदर आणि चैताली या दोघांतल्या एकालाच ठेवणार, असं अनिरुद्धने आधीच सांगून टाकलं होतं. श्यामसुंदरला ते काम हवं होतं. पैशांपेक्षा बोलायला हवं होतं.

साखळीतला शेवटचा सामना परक्या शहरात होता. दोन-दोन बरोबरी, आठ मिनिटं उरलेली. आणि चित्र गोठलं. आवाज मात्र येत होता.

"आकडेवारी सांगा, वेळ काढा," अनिरुद्ध कुजबुजला.

श्यामसुंदरने मला ओठाला घट्ट टेकवलं. "मंडळी, चित्र थांबलंय. मलाही दिसत नाहीये. पण ऐकू येतंय. जे ऐकतोय ते सांगतो." आणि काय सांगितलं हो त्याने! दोघांच्या बुटांखालच्या धारा जवळ आल्या, काठीवर काठी आपटली, चकती कठड्याला लागून परत फिरली. पंचवीस वर्षांपूर्वीचा माझा माणूस मला परत मिळाला. मी हरखून गेलो.

रेडिओवाल्यांची एक सवय असते. एक कान झाकायचा, एक उघडा ठेवायचा, म्हणजे स्वतःचा आवाज नीट कळतो. त्या उघड्या कानात शिट्टी शिरली.

"शिट्टी! पंचांनी खेळ थांबवलाय," तो म्हणाला. तिकडे प्रेक्षकही चिडीचूप झाले, त्यामुळे त्याची खात्रीच पटली. तो निवांतपणे गोलरक्षकाच्या पॅडचं वर्णन करू लागला. चैतालीचे दोन्ही कान झाकलेले. तिला शिट्टी ऐकू आली नव्हती. ती हातवारे करत होती म्हणे, पण हा डोळे मिटून ऐकत होता.

चित्र आलं तेव्हा तीन-दोन झालेले. बगळ्यांनी गोल केला होता. परक्या मैदानात पाहुण्यांनी गोल केला की भोंगा वाजत नाही, लोक नुसते गप्प होतात. आणि ती शिट्टी होती शेजारच्या घरातल्या कुकरची.

"तांत्रिक बिघाड म्हणा," अनिरुद्ध घाईने म्हणाला. "कुकरचा आवाज बाहेर गेलेला नाही. कोणाला कळणारही नाही."

खरं होतं ते. लांबचा आवाज मी पुढे जाऊच देत नाही. श्यामसुंदरने मला पुन्हा ओठाला टेकवलं. खडीसाखर दाताखाली फुटल्याचा आवाज मी ऐकला.

"मंडळी, मघाशी मी सांगितलेली शिट्टी पंचांची नव्हती. आमच्या शेजारच्या कुकरची होती. चूक माझी, कुकरची नाही. आपल्या बगळ्यांनी गोल केला आणि मी तो तुमच्यापर्यंत पोचवला नाही. चैतालीने ऐकलाय, ती सांगेल."

चैतालीने सांगितला. बगळे जिंकले, बाद फेरीत गेले. अनिरुद्ध मात्र सामना संपल्यावर म्हणाला, "काका, पुढच्या सामन्याला रविराज येईल. आपण आता विश्रांती घ्या." 'आपण' म्हणाला, तेव्हाच समजायचं. श्यामसुंदर एवढा सैरभैर झाला की मला टेबलावरच विसरून गेला. इतक्या वर्षांत प्रथमच.

तीन दिवसांनी बाद फेरीचा सामना. रविराजच्या डोक्याला नवा हेडफोन होता म्हणे, माईक त्यालाच जोडलेला. तो पाटीला धरून बोलत होता. "ओह! काय मूव्ह! गोल! काय गोल!" मी कोपऱ्यात पडून जीव तोडून ऐकत होतो, पण कोण कुठे आहे ते काही केल्या कळेना. मला पुन्हा पिशवीत बांधल्यासारखं झालं.

पहिल्या मध्यंतरात दाराची बेल वाजली.

"मी बायडाबाई. शेजारची," बाईचा आवाज आला. "ते म्हातारबाबा आजारी हायेत का?"

"नाही. आज दुसरे आहेत," अनिरुद्ध म्हणाला. "का? आवाजाचा त्रास होतोय का?"

"तरास न्हाई वो. आज मला काय बी दिसंना."

"तुम्ही मॅच कशावर बघता?"

"भितीवर. आमचा ओटा ह्याच भितीला हाय. मांजरी गावची आमची जमीन गेली, पोरानं हितं आनलं. दिसभर बोलायला कोन न्हाई. बाबा सांगायचं, सात नंबरवाला डावीकडनं वाकून आला, त्यानं काठी आडवी घातली. भाकरी थापता थापता समदं दिसायचं मला. आज नुसतं गोल गोल वरडत्यात. कुठनं आला, कुनी आनला?"

चैतालीने हेडफोन काढून टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"आन् त्या दिशी त्यांनी कुकरचं सांगितलं," ती हळू आवाजात म्हणाली, "तो माझा कुकर. माझ्यापायी काढलं न्हाई ना त्यांना? मी आता खेळ चालू असताना लावत न्हाई. डाळ-तांदूळ घालून ठिवलाय. मधली सुट्टी झाली की पेटवते."

बाई गेली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे तीन शिट्ट्या झाल्या.

"सर, काकांना फोन मी करू का तुम्ही करताय?" चैताली म्हणाली. तिचा हा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"नारायण पेठेतून यायला वेळ लागेल," अनिरुद्ध म्हणाला आणि स्वतःच नंबर फिरवला.

तिसरं, म्हणजे शेवटचं सत्र सुरू होताना मिशी माझ्या दांडीवर टेकली. खडा डाव्या गालात होता. श्यामसुंदर धापा टाकत होता, तरी पहिलं वाक्य सरळ आलं. "मंडळी, चकती मधोमध आहे. पांढऱ्या शर्टातले आपले बगळे तुमच्या डाव्या हाताला." गोधडीवरून काहीतरी टरकन ओढून काढल्याचा आवाज आला. पाटीच असावी. अनिरुद्ध सॉरी वगैरे म्हणाला नाही, त्याच्या घरात तशी पद्धत नसेल.

आता मी इथेच आहे, कर्वेनगरात, गोधड्यांच्या खोलीत. दांडीवरचा रंग उडालाय म्हणे, जाळीत खडीसाखरेची पूड बसलीय. बगळे पुढच्या फेरीत हरले. पुढच्या हंगामाचं अजून कोणी काही बोललेलं नाही. बर्फ मला अजून कोणी दाखवला नाही. तुमच्यापैकी कोणाच्या फ्रीजमध्ये असेल तर एकदा आणून टेकवा, एवढी विनंती आहे.

तोवर बाकीच्या संघांचे उरलेले सामने आम्ही दोघं सांगतो. शेवटच्या मिनिटाला श्यामसुंदर भिंतीपलीकडचं ऐकायला झाकलेला कानही उघडा करतो. पलीकडे ओट्याशी बायडाबाई कुकर भरून उभी असते, आणि शिट्टी होत नाही.